उजाडतानाची पंगत
धुंधुरमासाच्या न्याहारीची तयारी डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर चकलीचा डबाही असेल, आणि तो भरलेला आहे की नुसताच खडखडतो आहे, हे घरातल्या मुलांना तुमच्यापेक्षा अधिक नक्की ठाऊक असेल. दिवाळीचा फराळ तसा आठवडाभर पुरतो. परंतु त्याची खरी गोडी नरकचतुर्दशीच्या पहाटेची. बाहेर अंधार आहे, अंगाला उटण्याचा वास आहे, आणि आजोबांपासून शेंडेफळापर्यंत घरातली यच्चयावत मंडळी एकाच वेळी फराळाला बसली आहेत. त्या दिवशी कोणी घड्याळाकडे बघत नाही, की उभ्याउभ्या चहा घशात ओतत नाही.

आता वर्षातल्या उरलेल्या ३६४ सकाळींचा हिशोब मनाशी करून पाहा. वडिलांना आठ-सतराची लोकल गाठायची असते. थोरलीची शाळेची बस सात वाजताच कोपऱ्यावर येते. धाकटा दुधाच्या पेल्याशी भांडत असतो, आजी पूजेत असतात, आणि आई सर्वांचे डबे भरून झाल्यावर गार झालेला चहा ओट्याशी उभी राहून पिते. रविवारी निवांतपणा असतो खरा. पण तेव्हा एकजण आठला उठतो, दुसरा दहाला, आणि पोहे तीनदा गरम करावे लागतात. एका छपराखाली राहणाऱ्या पाच माणसांची सकाळी एकत्र अशी गाठ पडतच नाही.

ती पडावी म्हणून काही नवे शोधून काढायला नको. आपल्याच घराण्यांतून चालत आलेला, आणि गेल्या एक-दोन पिढ्यांत पुष्कळ शहरी घरांतून मागे पडलेला एक रिवाज तयार आहे. तो म्हणजे धुंधुरमासाची न्याहारी.

हा महिना कोणता?

सूर्य धनु राशीत असतो तो काळ धनुर्मास. बोलीत त्याचा धुंधुरमास झाला आणि कुठे झुंझुरमासही झाला. साधारण १६ डिसेंबरला तो सुरू होतो आणि मकरसंक्रांतीला संपतो. या महिन्यात पहाटे उठून स्वयंपाक करायचा, सूर्योदयाच्या सुमारास देवाला नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता सर्वांनी जेवायचे, अशी रीत. जेवायचे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कारण ताटात असते ते बशीभर उपमा नव्हे. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर तुपाची धार, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, हिवाळ्यातल्या शेंगाभाज्यांची मिसळण असलेली लेकुरवाळी भाजी आणि गुळाचा खडा. पूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, लेकीजावयांना आदल्या दिवशी निरोप जाई, 'उद्या आमच्याकडे धुंधुरमास आहे, पहाटेच या.' महिनाभर रोज हा बेत थोड्याच घरी होई. बहुतेक ठिकाणी एखादा सोयीचा दिवस, बहुधा रविवार, ठरवून तो पार पडे.

दक्षिणेत हाच महिना मार्गळी म्हणून मोठ्या निष्ठेने पाळतात. आंडाळ या वैष्णव संतकवयित्रीच्या 'तिरुप्पावै'त ३० पदे आहेत, आणि या महिन्याच्या पहाटेला दिवसाला एक अशी ती म्हटली जातात. मंदिरांतून प्रसाद मिळतो तो वेण्पोंगलचा. तांदूळ, मुगाची डाळ, मिरे, जिरे आणि तूप! आपल्या खिचडीची ही सख्खी बहीणच.

थंडीच्या काळोख्या दिवसांत पहाटे उठून काही ऊन-ऊन खावे ही बुद्धी दूरच्या लोकांनाही सुचली आहे. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला संत लुसियाचा दिवस असतो. पांढरा झगा घातलेली मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून पुढे होते, आणि घरोघरी केशर घातलेले पाव व कॉफी घेतली जाते. जुन्या कालगणनेत ती वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानली जाई. देव निराळे, पदार्थ निराळे. पण अंधारात उठायचे आणि घरच्यांनी मिळून खायचे, ही गोष्ट तीच.

तारखेची सोय

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात, म्हणून इंग्रजी तारखांतून ते मागेपुढे होतात. नरकचतुर्दशी २०२३ साली १२ नोव्हेंबरला होती, तर २०२५ साली २० ऑक्टोबरला. धनुर्मास मात्र सूर्यावर चालतो, त्यामुळे त्याची तारीख जवळजवळ ठरलेली. अगदी अचल मात्र नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, त्या दिवशी मकरसंक्रांत होती. २०२५ साली ती १४ जानेवारीला होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी १५ ला. आपले राशींवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते, म्हणून ही तारीख पिढ्यापिढ्यांनी हळूहळू पुढे सरकते. तुमच्या-आमच्या आयुष्यात या सरकण्याने काही अडत नाही. १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत चार रविवार हमखास मिळतात, एखाद्या वर्षी पाचही.

आणि 'पहाटे' या शब्दाने कोणी दचकू नये. डिसेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पुण्यात चार-पाच मिनिटे आधी, नागपुरात पावणेसातच्या आतबाहेर. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा; परंतु आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय येतो तो जानेवारीच्या मध्याच्या आसपास. म्हणजे हा महिनाभर सूर्य रोज थोडाथोडा उशिराच उगवत जातो. झोपाळू माणसांवर याहून मोठी कृपा कोणती? लंडनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर या दिवसांत आठ वाजेपर्यंत सूर्य दिसत नाही. त्यांनी हा रिवाज सोडण्याला काही कारणच नाही.

पहिल्या तारखेपासून काय करावे?

चांगली पद्धत रुजायची तर तिची वाट पाहण्यातही मजा हवी. म्हणून १ डिसेंबरला भिंतीवरच्या कॅलेंडरात चार रविवारांवर मुलांच्या हातून खूण करून घ्यावी. पहिला रविवार घरच्यांचा, दुसरा शेजाऱ्यांचा, तिसरा मामा-आत्याचा, आणि चौथा ज्यांचे गावात कोणी नाही अशा एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा एकट्या राहणाऱ्या काकूंचा, अशी वाटणी करता येईल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीळ निवडून, मंद आचेवर भाजून बरणीत भरावेत. चातुर्मासात ज्या घरी वांगे वर्ज्य असते, त्यांच्याकडे ते चंपाषष्ठीला भरीत-भाकरीच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येते. ती तिथी कधी नोव्हेंबरअखेर, कधी डिसेंबरात पडते; २०२४ साली ती ७ डिसेंबरला होती. काही झाले तरी ती धनुर्मासाच्या आगेमागेच येते, आणि बाजारात भरताची वांगी तेव्हा उत्तम असतात. जळगावकडची मोठी, हिरवी, पांढरट रेघांची मिळाली तर सोडू नयेत.

बाजरी नवी आलेली असते. पीठ मात्र एकदम पाच किलो दळून आणू नये. बाजरीत स्निग्धांश बराच असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. मग भाकरी कडू लागते आणि मुले बाजरीलाच नावे ठेवतात. दर शनिवारी त्या रविवारपुरते ताजे दळून आणावे, हे उत्तम. लोण्यासाठी आठवडाभर साय साठवून विरजावी आणि शनिवारी संध्याकाळी घुसळावी. हे काम मुलांना द्यावे. रवीने घुसळता घुसळता ताकावर लोण्याचा गोळा तरंगू लागतो, तेव्हा हातातला मोबाईल ती आपण होऊन बाजूला ठेवतात.

भाकरी आणि खिचडी

पाच माणसांना दीड वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ आणि सात-आठ वाट्या पाणी पुरते. डाळ-तांदूळ तुपावर परतून त्यात जिरे, ठेचलेले मिरे, आले, हळद, मीठ आणि मूठभर ओले खोबरे घालून कुकर लावावा. ही खिचडी मोकळी नको, पळीने वाढता येईल अशी मऊ हवी.

भाकरीची भीती नव्या संसारात फार असते. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ कढत पाण्याने भिजवावे आणि हाताच्या तळव्याने भरपूर मळावे. परातीत तीळ पसरून त्यावर भाकरी थापावी, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा, आणि ते पाणी पुरते सुकायच्या आत ती उलटावी. पहिल्या रविवारी चिरा पडतील, चौथ्या रविवारी फुगेल. वांग्यांना तेलाचे बोट लावून सुरीने दोन टोचे द्यावेत, म्हणजे भाजताना ती फुटत नाहीत. ती शनिवारी रात्रीच भाजून, सोलून झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर रविवारी फक्त फोडणीचे काम उरते.

मात्र एक अट

हा रिवाज मागे का पडला, याची कारणे सांगताना आपण नोकऱ्या, लोकल आणि सकाळच्या शाळा यांची नावे घेतो. ती खरीच आहेत. पण आणखी एक कारण आहे, आणि ते घरातल्या बायकांना विचारले तर लगेच कळेल. पंगत साडेसहाला बसायची तर चूल चारला पेटवावी लागे, आणि ती पेटवणारी बाई सर्वांच्या शेवटी, गार भाकरी घेऊन, एकटी जेवायला बसे. ज्यांनी आईला असे पाहिले, त्या मुलींनी स्वतःच्या संसारात हा बेत मुकाट्याने वगळला असेल, तर त्यांना बोल कोणी लावावा?

म्हणून नव्याने सुरुवात करताना ही अट आधी घालून घ्यावी, की त्या सकाळी सर्वांनी एकाच वेळी बसायचे आणि उठायचेही सर्वांनी एकाच वेळी. पावणेसहाला कुकर लावणे वडिलांकडे, भरीत थोरलीकडे, ताटे-पाणी धाकट्याकडे, गूळ फोडणे आणि भाजी निवडण्यावर देखरेख आजोबांकडे. भाकऱ्या सर्व थापून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, म्हणजे कोणाला तव्याशी उभे राहावे लागत नाही. भांडी सर्वांनी मिळून घासावीत. एवढे जमत नसेल तर नुसती खिचडी, तूप आणि गूळ एवढाच बेत करावा. पण घरातल्या गृहिणीला पंगतीबाहेर ठेवून केलेल्या चार पदार्थांपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

जेवायला शक्य तर गच्चीत किंवा पूर्वेच्या खिडकीशी बसावे. या दिवसांत सूर्य थेट पूर्वेला नव्हे, तर बराच दक्षिणेकडे सरकून उगवतो. एरवी ज्या खिडकीत सकाळचे ऊन येत नाही, तिथे ते या महिन्यात कदाचित येईल. आपल्या घरातली ती खिडकी कोणती, हे मुलांना शोधू द्यावे.

'रविवारी तरी झोपू द्या की!' अशी तक्रार पहिल्या आठवड्यात होणारच. तिला उत्तर म्हणून एक साधे गणित आहे. मूल सहा वर्षांचे झाले की त्याला अशा सकाळी कळू लागतात, आणि अठराव्या वर्षी ते शिक्षणासाठी वसतिगृहावर किंवा परगावी जाते. मध्ये बारा धुंधुरमास, प्रत्येकी चार रविवार. म्हणजे सगळ्या मिळून ४८ सकाळी. तुमचे मूल आज दहा वर्षांचे असेल तर ३२. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या वाट्याचा आकडा मांडायला मन धजत नाही.

शेवटचा बेत भोगीचा, संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा. तीच तिळाची भाकरी, तीच खिचडी, तीच मिसळणीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असे आपल्याकडे म्हणतातच. त्या दिवशी तीळ संपलेली बरणी धुऊन, उन्हात वाळवून फळीवर ठेवावी आणि पुढच्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला ती खाली काढण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे सोपवावे. आपण विसरलो तरी ते विसरणार नाही.