निळी नळी की काळी नळी

बंदुकीच्या नळीवरचा निळा रंग हा रंग नसतोच. तो गंज असतो, फक्त वळण लावलेला. लोखंडाचा तांबडा गंज भुसभुशीत असतो आणि आत आत पोखरत जातो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, धातूला घट्ट धरून बसतो. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट यांचे द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळत ठेवून पोलाद त्यात बुडवले की हा थर चढतो. मुंबईच्या कारखान्यांत याच क्रियेला ब्लॅकोडायझिंग म्हणतात.

झळाळती निळी आणि निस्तेज मॅट यांतला फरक बहुतेक वेळा या थरात नसतो, तर थराखालच्या पोलादात असतो. नळी बारीक पॉलिश पेपरने घासून बफिंग केले तर तोच थर आरशासारखा निळा दिसतो. आधी सँड ब्लास्टिंग केले तर करडा-काळा. घासणाऱ्याची मजुरी वाचते म्हणून मॅट बंदूक सहसा स्वस्त पडते. ती चमकत नाही हा गुण जाहिरातीत आधी येतो. मँगनीज फॉस्फेटचा लेप मात्र खरोखर वेगळा. त्याचे खरखरीत स्फटिक तेल शोषून धरतात, म्हणून लष्करी हत्यारांवर तो रुळला.

मुंबईच्या रे रोडला ही निवड देखणेपणाची राहत नाही. स्टेशनापलीकडचा दारूखाना एकेकाळच्या बंदुकीच्या दारूच्या साठ्यामुळे या नावाने ओळखला जातो. नंतर तिथे भंगार आणि जहाजतोडणी आली. २०१४ मध्ये जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ इथेच तोडायला घेतली. बंदराच्या खाऱ्या हवेत उघडे पोलाद पावसाळ्यात पाहता पाहता लाल होते. मॅग्नेटाइटचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. तो एकटा काही अडवत नाही, अडवते ते त्यावरचे तेल. गुळगुळीत नळीवरचे तेल हात लागताच पुसले जाते, पण पहिला तांबूस ठिपका लगेच दिसतो. मॅटवर तेल टिकते. ते सुकले तर त्याच खळग्यांत मीठ आणि घाम बसतो, आणि ठिपका उशिरा कळतो. कोकणात रानडुकरांसाठी शेतीसंरक्षण परवान्यावर ठेवलेली, चिखलात वावरणारी बंदूक असेल तर फॉस्फेटच बरा.

जुन्या दुनळीला उकळत्या कॉस्टिकच्या निळाईचा पर्याय जवळपास नसतोच. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा शिसे-कथलाच्या झाळीने जोडलेली असते, आणि उकळता कॉस्टिक ती झाळ खातो. अशा बंदुकीला सावकाश पद्धत लागते: सौम्य आम्ल लावायचे, ओलसर हवेत गंज चढू द्यायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, बारीक पोलादी लोकरीने झाडायचा, आणि हे सगळे कित्येकदा. थंड कोरड्या मुलखात यासाठी दमट पेटी बनवावी लागते. मुंबईच्या जुलैत ती फुकट मिळते.

काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे लागते. बफिंग जोरात झाले तर नळीवरचा क्रमांक झिजतो, आणि १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार ओळखचिन्ह पुसणे गुन्हा आहे. लेप कोणताही असो, पावसाळ्यात बंदूक चामडी गवसणीत ठेवली की गवसणीतली ओल रात्रंदिवस नळीला चिकटून राहते. बंदूक हवेशीर, कुलूपबंद कपाटात, तेलाचा हात फिरवून ठेवावी.