फिरणारं चक्र आणि सातबारा

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या रांगेतल्या एखाद्या शेतात सोयाबीनचा फोटो काढून शेतकरी तो पाठवायला बटण दाबतो आणि पडद्यावरच्या चौकटीत चक्र फिरू लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावरची पिकाची नोंद अशी मोबाइलवरूनच होते. रेंज कच्ची असली, की प्रश्न एकच: काम चालू आहे की ॲप अडकलं?

संगणकतज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये वाट पाहण्याची ढोबळ मापं दिली. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणजे दोन-चार सेकंदांच्या कामाला चक्र पुरतं, लांबणाऱ्या कामाला टक्के दाखवणारी पट्टीच हवी.

चौकटीतलं चक्र सगळा पडदा अडवतं. म्हणूनच गूगलने २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये अशी चौकट दाखवणारा ‘प्रोग्रेस डायलॉग’ हा तयार घटक कालबाह्य ठरवला आणि चक्र पानातच दाखवा, असं सुचवलं.

नोंद दोनदा जाऊ नये म्हणून बटण तेवढं बंद ठेवणं योग्यच. पण ॲप बनवणाऱ्यांनी चक्राजवळ ‘फोटो पाठवत आहोत’ असं मराठीत लिहावं, ‘रद्द करा’ची सोय ठेवावी आणि रेंज गेलीच तर भरलेली माहिती फोनमध्ये जपली आहे की नाही, हे बांधावर उभ्या शेतकऱ्याला स्पष्ट सांगावं.