श्रमानंतरची रजा

धाराशिव जिल्ह्यातील एका गावच्या तालमीत पहाटे मेहनतीला आरंभ होतो, तो हौद्यातील तांबडी माती फावड्याने उकरण्यापासून. आणि तिच्यातील ढेकळे फोडून ती सारखी केल्यावाचून वस्ताद कोणालाही लंगोट कसून लढतीला उभे राहण्याची मुभा देत नाहीत. पुढे जोर, मग बैठका, मग दोरावर चढणे आणि अखेरीस जोडीजोडीने लढत, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या परिश्रमाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला तेथे वारंवार जाऊन बसावेसे वाटते ते परिश्रम कोठे थांबवावा याचा निवाडा वस्ताद कसा करतात हे पाहण्यासाठी.

या निवाड्याचे दप्तर नाही. पोरगा आत येऊन मारुतीच्या तसबिरीपुढे वाकतो, तेव्हा त्याचा गुडघा किती सहज मोडतो आणि उठताना हात मांडीवर टेकतो की नाही, हे वस्ताद दुरूनच हेरतात. शंका आली, की जवळ बोलावून मांडीच्या पुढच्या स्नायूवर अंगठा दाबतात आणि त्याच्या चेहऱ्यावर उमटणारी कळ वाचतात. "आज बैठका मारू नको रं, निसती माती उकर अन् अंग चोळून घे," एवढे बोलून ते दुसऱ्याकडे वळतात. ज्या दिवशी पायांवर भार पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी खांदे आणि छाती. तिसऱ्या दिवशी काम हलके. एकाच अवयवाची लागोपाठ दोन दिवस कसून मेहनत नाही, हा त्यांचा दस्तूर.

या दस्तुराला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. अंग दुखते ते स्नायूंत साचलेल्या आम्लामुळे, असा समज आजही तालमीतालमींतून ऐकू येतो. परंतु मेहनतीच्या वेळी निर्माण होणारे ते द्रव्य मेहनत थांबल्यानंतर साधारण तासाभरात निघून जाते, आणि दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी डोके वर काढून २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच या उशिराच्या वेदनेचे कारण स्नायूंच्या आत होणाऱ्या बारीक इजेत शोधले होते. स्नायू भार सोसत लांबतो, तेव्हा ही इजा अधिक होते. म्हणून बैठकीत वर उठण्यापेक्षा सावकाश खाली जाणे दुसऱ्या दिवशी अधिक जाणवते. १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांना बेडकाच्या स्नायुतंतूंना बिलगून असलेल्या ज्या सूक्ष्म पेशी दिसल्या, त्या अशाच प्रसंगी जाग्या होऊन दुरुस्तीला लागतात. मेहनतीनंतर स्नायूंतील प्रथिनांची नवी बांधणी साधारण २४ ते ४८ तास वाढलेल्या वेगाने चालू राहते. नवशिक्यात अधिक काळ, मुरलेल्या गड्यात कमी. एकाच स्नायूला पुन्हा जड कामास जुंपण्यापूर्वी दोन दिवसांचे अंतर ठेवावे, हा सर्वसाधारण सल्ला याच हिशेबावर उभा आहे. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र याहून मंदगती असतात, आणि मांडी भरली तरी गुडघा कुरकुरतो त्याचे मर्म पुष्कळदा येथे असते.

मेहनतीला मर्यादा घालण्याचा हा विचार जुनाच आहे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने तर बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषालाही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. आणि ज्या जिल्ह्याची अधिष्ठात्री तुळजाभवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते, त्यांतली एक तर दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विनी पौर्णिमेपर्यंत युद्धाच्या श्रमपरिहारासाठी घेते, त्या जिल्ह्यातील तरुणाने विसाव्याला आळस म्हणावे, याचा मला मनापासून खेद होतो.

कारण असे म्हणणारे तरुण थोडे नाहीत. तालमीत येणाऱ्या पोरांपैकी निम्मी आता पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांच्या गुणांवर त्यांच्या घराची सारी आशा लागलेली असते, आणि शेतीचा भरवसा नसलेल्या या कोरडवाहू मुलुखात ती आशा किती जड असते हे मी जाणतो. म्हणूनच पहाटे धावणे, दुपारी शेतातले काम, सायंकाळी व्यायामशाळेत लोखंड उचलणे आणि रात्री जागून अभ्यास, असा क्रम ही मुले रजेवाचून चालवितात आणि ऐन चाचणीच्या सुमारास नडगीच्या दुखण्याने लंगडू लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली आणि शिवराज राक्षे विजयी झाले, तेव्हा तर बैठकांचा आकडा दुप्पट करण्याची अहमहमिका लागली होती. वस्तादांना ती ताकीद देऊन तहकूब करावी लागली.

विश्रांतीचे मोल मल्लाला केवढे, याची सर्वांत कडू साक्ष खाशाबा जाधवांच्या हकीकतीत आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी प्रदीर्घ झुंज देऊन ते बाहेर येताच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाचा विसावा नियमाने देय होता, परंतु दाद मागण्यास भारतीय अधिकारी तेथे नव्हता. कांस्यपदक आले आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. तरी तो अर्धा तास मिळाला असता तर, हा प्रश्न मला सुटत नाही.

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा जवळ आली, की पंचक्रोशीतील जत्रांचे फड भरू लागतात, आणि फडापूर्वीचा आठवडा वस्तादांच्या परीक्षेचा असतो, कारण पोरांना त्याच वेळी अधिक करण्याची उबळ येते. कसोटीची लढत ते बंद करतात. जोर-बैठका निम्म्यावर आणतात, पण पुरत्या थांबवू देत नाहीत, कारण नुसते लोळल्याने अंग आखडते असा त्यांचा अनुभव आहे. खुराकात कपात नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई पूर्ववत. झोपेबाबत मात्र सक्ती आहे, आणि रात्री मोबाइल तालमीच्या पेटीत कुलूपबंद होतात. एका पोराने मागच्या खेपेला तक्रार केली, की मेहनत कमी केल्याने ताकद उतरेल, तेव्हा वस्ताद म्हणाले, "महिनाभर मिळवलेलं आठ दिवसांत जात नसतं बाळा, फक्त थकवा जातो."