तिसऱ्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरी-मालवणपासून गोमंतकापर्यंतच्या मुलखात सुकतीला खाडीचे पाणी ओसरले, की ओल्या वाळूत बोटे खुपसून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, वेचणाऱ्या स्त्रियांचे दृश्य पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचे आहे; तथापि ज्या जिनसेने किनाऱ्यावरच्या असंख्य चुली राखल्या, तिच्याविषयीच्या आपल्या समजुती बव्हंशी ऐकीव असल्यामुळे त्यांची शहानिशा करणे अगत्याचे वाटते.

गैरसमज : तिसरी चिखल खाते, म्हणून ती अस्वच्छ.
वस्तुस्थिती : तिसरी राहते वाळूमिश्रित चिखलात, परंतु तिचे अन्न असते पाण्यात. शिंपांच्या फटीतून दोन नलिका बाहेर काढून ती एकीने पाणी आत घेते, कल्ल्यांच्या चाळणीवर त्यातील सूक्ष्म वनस्पती अडकवते आणि दुसरीने गाळलेले पाणी परत सोडते. खाडी निवळ ठेवणारा हा व्यापारच, पाणी दूषित असेल तेव्हा, त्यातील जंतू आणि विषे तिच्या देहात साठवतो. म्हणजे दोष तिच्या स्वभावाचा नसून तिला लाभलेल्या पाण्याचा असतो.

गैरसमज : उकळी आली, की सारे निर्धोक.
वस्तुस्थिती : पुरेशा उष्णतेने रोगजंतू मरतात, हे खरे. १९८८ साली शांघाय शहरात सुमारे तीन लाख माणसांना कावीळ झाली, ती अर्धकच्च्या शिंपल्या खाल्ल्यामुळे. परंतु काही सूक्ष्म शैवालांपासून शिंपल्यांत उतरणारे पक्षाघातकारक विष शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि जड धातूही रश्श्यातून नाहीसे होत नाहीत. सांडपाणी सुटणाऱ्या खाडीतील तिसऱ्या वर्ज्य मानाव्यात, याचे कारण हेच.

गैरसमज : वाळू काढण्यासाठी तिसरी गोड्या पाण्यात भिजवावी.
वस्तुस्थिती : गोडे पाणी लागताच ती शिंपा घट्ट मिटून घेते, आणि फार वेळ ठेवल्यास मरते, वाळू मात्र आतच राहते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, खाडीत त्याहून काहीसे कमी. तितक्या खारट पाण्यात काही तास निवांत राहिली, की ती आपण होऊन वाळू टाकते. शिंपा उघडण्याचा ताण बिजागरीच्या अस्थिबंधात सदैव असतो आणि त्या मिटून धरण्याचे काम जिवंत स्नायू करतो. म्हणूनच शिजवण्यापूर्वी उघडी असलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी मृत समजून टाकून द्यावी. ही परीक्षा झाल्यावरच ती विळीवर चिरावी, एका शिंपेला मांस तसेच ठेवावे, सुटलेले पाणी गाळून रश्शासाठी राखावे, आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात तिची एकशिपी करावी. त्या पाण्यात मीठ मुळातच असल्यामुळे वरचे मीठ हात आखडून घालावे.

गैरसमज : तिसऱ्यांत कोलेस्टेरॉल फार, आणि लोह तर अलोट.
वस्तुस्थिती : जुन्या परीक्षणपद्धती शिंपल्यांतील इतर स्टेरॉलेही कोलेस्टेरॉलच्याच खात्यावर मांडीत, त्यामुळे ही अपकीर्ती झाली. लोहाचा लौकिकही असाच फुगलेला होता : अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकात तिकडच्या शिजवलेल्या शिंपल्यांच्या १०० ग्रॅम मांसात २८ मिलिग्रॅम लोह दीर्घकाळ नोंदलेले होते, पुढे ती नोंद दुरुस्त होऊन २.८ मिलिग्रॅमवर आली. त्याच कोष्टकाच्या हवाल्याने तेवढ्या मांसात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम २ ग्रॅम स्निग्धांश भरतो, तर बी-१२ जीवनसत्त्व प्रौढाच्या दैनिक गरजेच्या कित्येक पट असते. तिचे खरे वैभव हे आहे.

गैरसमज : खाडी अक्षय आहे, कितीही उपसा.
वस्तुस्थिती : केरळातील अष्टमुडी सरोवरात अतिउपशाने शिंपल्यांचे उत्पादन घसरले, तेव्हा जाळ्याच्या आसाचे माप ठरवून आणि प्रजननकाळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, उपसा बंद ठेवून ते सावरण्यात आले, आणि २०१४ साली मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. बाळसे न धरलेली तिसरी पुन्हा वाळूत सोडणे आणि खाडीत मैला न सोडणे, या दोन गोष्टी आपल्याही हातच्या आहेत. कारण ताटातील तिसरी कशी उतरेल, याचा फैसला चुलीवर होण्यापूर्वी खाडीत झालेला असतो.