खरी गळती पहिल्या गृहपाठाआधीच

मार्च 2012 मध्ये अमेरिकेतील एमआयटीने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा पदवीचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुला केला. प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. प्रा. अनंत अगरवाल यांच्या या वर्गात जगभरातून 1,54,763 जणांनी नाव नोंदवले. प्रमाणपत्र मिळाले 7,157 जणांना, म्हणजे शंभरात पाचांनाही नाही.

एवढ्यावरून मोफत अभ्यासक्रमांना नापास ठरवण्याची घाई नको. गळती कुठे झाली ते पाहू. पहिला गृहपाठ 69,221 जणांनी उघडला. त्यात किमान एक गुण मिळवला 26,349 जणांनी. यांच्यापैकी मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक उत्तीर्ण झाले. नोंदणी केलेल्यांत नुसते डोकावणारेही होतेच. पण बहुतेक जण पहिले उदाहरण सोडवण्याआधीच थांबले होते.

हे उदाहरण सोडवणे इतके महत्त्वाचे का? कार्नेगी मेलन विद्यापीठाचे केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मानसशास्त्राच्या अशाच एका अभ्यासक्रमाची आकडेवारी तपासली. जास्तीचे व्हिडीओ पाहणे किंवा पाने वाचणे यांच्या तुलनेत स्वाध्याय सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सुमारे सहापट निघाला. व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. उत्तर स्वतः मांडायला बसले की नेमके काय अडते ते कळते.

आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा ‘एनपीटीईएल’ उपक्रम 2014 पासून प्रमाणपत्रे देतो. शिकणे मोफत, दर आठवड्याला मुदतीत द्यायचा स्वाध्याय. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा. 2017 मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. 2021 च्या नियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेऊ देऊ शकतात. दारे उघडली आहेत, पण बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषयाबरोबर भाषेशीही झुंजावे लागते.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने यावर चांगली वाट काढली आहे. सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे मराठीतही ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडे. ऐकायचे, धडा थांबवायचा, स्वतः करून पाहायचे आणि मग पुढे जायचे. इथे करून पाहणे हा शिकण्याचाच भाग आहे.

व्हिडीओ एकदा तयार झाला की तो आणखी लाखभर जणांना दाखवायला खर्च नगण्य येतो. अडलेल्या मुलाशेजारी बसणारा शिक्षक मात्र असा लाखपट करता येत नाही. म्हणून महाविद्यालयांनी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या स्वाध्यायांसाठी राखून ठेवावा. संगणक कक्ष उघडा असावा, मुलांनी एकत्र बसून उदाहरणे सोडवावीत आणि शंका मराठीत विचारता येईल असा शिक्षक तिथे हजर असावा. किती जणांनी नाव नोंदवले हे मोजण्याआधी किती जणांनी पहिला गृहपाठ दिला, ते मोजावे.