पैसे कापले, तिकीट आलं नाही: मधला ‘गेटवे’ नेमकं काय करतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारला रेल्वे स्टेशन नाही. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं तर आधी परभणी गाठावी लागते. तिकीट मात्र गावात बसून मोबाईलवर काढता येतं. स्लीपरचं तत्काळ बुकिंग सकाळी ११ वाजता उघडतं आणि कधीकधी नेमकं तेव्हाच नको ते घडतं. खात्यातून पैसे जातात, तिकीट येत नाही.

असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. रेल्वे आरक्षणाचं संगणकीकरण १९८०च्या दशकात सुरू झालं. पुढे ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेच्या ‘कॉन्सर्ट’ सॉफ्टवेअरनं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली. काटेकोर बोलायचं तर तिथले संगणक मेनफ्रेम नव्हते, पण रचना त्याच वळणाची. डेटाबेस मध्यवर्ती ठिकाणी आणि खिडकीवरचा कर्मचारी टर्मिनलवरून ठरावीक आज्ञा देणार. ही व्यवस्था त्या कर्मचाऱ्यासाठी होती, लाखो मोबाईलसाठी नव्हे.

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीनं इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली. पण असा डेटाबेस थेट इंटरनेटला जोडणं म्हणजे तिजोरी रस्त्यावर ठेवण्यासारखं. म्हणून मध्ये गेटवे सर्व्हर लागतो.

दोन तोंडांचा दुभाषा

गेटवेचं एक तोंड वेबसाइटकडे, दुसरं आतल्या खासगी नेटवर्ककडे असतं. बाहेरून आलेली मागणी तो जुन्या यंत्रणेला कळेल अशा साच्यात बसवतो आणि उत्तर उलट दिशेनं पोचवतो. जागा पाहणं, बुक करणं, रद्द करणं अशा मोजक्याच मागण्यांना तो आत सोडतो. आतल्या सर्व्हरशी त्याच्या जोडण्या मर्यादित असतात. त्या तो आळीपाळीनं वापरतो, बाकीच्या मागण्या रांगेत.

२०१४ मध्ये नवी ई-तिकीट यंत्रणा आली आणि मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटं काढण्याची क्षमता झाली. रांग वेगानं सरकू लागली. गाडीतला एकही बर्थ त्यानं वाढला नाही!

मग पैसे कुठे अडकतात?

बँकेची यंत्रणा वेगळी असते. आधी पैसे जातात, मग गेटवे बर्थ मागतो. तोवर बर्थ संपलेला असू शकतो. त्याहून अवघड प्रकार म्हणजे बर्थ मिळाला, पण उत्तर वाटेत हरवलं. इथे गेटवेनं आंधळेपणानं तीच मागणी पुन्हा पाठवली तर दोन तिकिटं निघतील. म्हणून अशा यंत्रणांत प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देतात. पुन्हा विचारताना त्याच क्रमांकाची नोंद आधी शोधली जाते. तिकीट निघालंच नसेल तर बँकेशी हिशेब जुळवून पैसे परत केले जातात.

त्यामुळे घाईत दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी अ‍ॅपमधली बुकिंग हिस्ट्री उघडून पाहावी. तिकीट तिथे येऊन बसलेलं असू शकतं.