तंबोऱ्यांसाठी मागची सीट

मराठी माणूस गाडी घेतो तेव्हा इंजिनापेक्षा मागच्या सीटची चौकशी आधी करतो. आजीला पाय लांब करता येतील का, मुलं किती मावतील, अक्कलकोटला जाताना शेजारच्या काकूंना घेता येईल का, हे प्रश्न पहिले. त्यामुळे आमच्या छोट्या गाडीची मागची सीट काढून तिथे लाकडी मंच बसवायचा, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

कारण होतं ताईच्या तंबोऱ्यांचं. ताई गाणं शिकवते. तिची बायकी तंबोऱ्यांची जोडी मिरजेची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने भोपळा मजबूत होत नाही. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेलं, आतून पोकळ फळच. एक धक्का नेमक्या जागी बसला की तडा जातो, आणि जोडकाम कितीही सुबक झालं तरी आपल्या वाद्याला तडा गेलाय हे वाजवणारा विसरत नाही.

सीटची पाठ पुढे पाडून काम भागत नव्हतं. आमच्या गाडीत पाठ पाडली की बैठकीवर वीतभर उंचवटा राहतो. तंबोरा त्यावर तिरका पडतो आणि डांडीला ताण बसतो. सीट पूर्ण काढली की पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत साडेचार फूट सलग जागा मिळते. बायकी तंबोरा सव्वाचार फुटांचा. हिशेब जमला.

सीट काढणं हे खरं तर सगळ्यात सोपं काम. बैठक खालच्या चापांतून वर उचलली जाते, पाठ दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांवर बोल्टने बसवलेली असते. गॅरेजमधल्या पोराने अर्ध्या तासात सगळं बाहेर काढलं. खाली सापडलं ते असं: सात रुपयांची नाणी, शेंगदाण्याची टरफलं, हरवली म्हणून घरभर शोधलेली कपाटाची किल्ली, आणि पेट्रोलच्या पंपावरचं गोल झाकण. पुष्कळ गाड्यांत ते झाकण मागच्या बैठकीखालीच असतं, म्हणून मंच कायमचा ठोकून बसवणं शहाणपणाचं नाही. उद्या पंप बिघडला तर मेकॅनिक करवत घेऊन येईल!

मंचाचा नमुना आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढला. गाडीच्या आतली एकही रेघ सरळ नसते. चाकांवरच्या फुगवट्यांची गोलाई तर जाड तार वाकवूनच घ्यावी लागली. प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. बारा मिलिमीटरचं, पाणी सोसणारं. साधं प्लाय स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात ओल्या चपला आत आल्या की ते फुगतं. मंच दोन तुकड्यांत केला आणि मध्ये लांब पियानो बिजागरी दिली, म्हणजे घडी घालून तो दारातून आत जातो. लाकूड पत्र्याला जिथे टेकतं तिथे नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या. नाहीतर करकर अशी होते की गाणाऱ्या माणसाला त्या गाडीत बसवत नाही.

सुतार म्हणाला, ‘‘एवढा जड आहे, हलणार कुठे? बोल्ट कशाला?’’ इथे मात्र मी हटून बसलो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. वीस किलोचा मंच म्हणजे चारशे किलोचा धक्का, तोही पुढे बसलेल्या ताईच्या पाठीत. म्हणून सीट ज्या भोकांत, ज्या बोल्टनी बसली होती, त्याच भोकांत त्याच बोल्टनी लोखंडी अँगल लावून मंच आवळला. गाडीच्या पत्र्याला नवं भोक एकही पाडलं नाही.

याला कायद्याचंही कारण आहे. आरसी पुस्तकात आसनक्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या बाबतीत कडक भूमिका घेतली. म्हणून मंच फक्त कार्यक्रमापुरता. एरवी सीट आपल्या जागी.

वरच्या आच्छादनासाठी नाना पेठेतल्या कुशनवाल्याने रेक्झिन सुचवलं. पुसायला सोपं, हे खरं. पण उन्हात तापतं आणि वाद्य त्यावरून घसरतं. जाड कॅनव्हास घेतला, खाली दाबून बनवलेला फोम. पहिला नमुना सपाट होता, गादीसारखा. फार देखणा दिसत होता, आणि तिथेच अडचण आली. ताईच्या एका विद्यार्थिनीची आई तो बघून म्हणाली, ‘‘दादा, केवढी छान गादी! येताना चार मुलं सहज बसतील की.’’

ती बाई काही वेगळं बोलली नव्हती. आपल्याकडे सपाट जागा दिसली की तिथे माणूस बसतो. पण त्या मंचावर ना पाठ, ना पट्टा. सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला तेव्हा महागड्या गाडीत मागे बसलेल्या त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. इथे तर सीटच नाही. मी नाही म्हटलं. बाईंना ते लागलं. घरी आल्यावर ताई म्हणाली, ‘‘तंबोऱ्याला दोन पट्टे आणि मुलांना एकही नाही, असली गाडी माझ्या दाराशी नको.’’

मग कुशनवाल्याकडे दुसरी खेप. पुढच्या बाजूला भोपळ्यांसाठी दोन खोल गोल खळगे करून घेतले, मागे माना टेकायला दोन उंच उशा, आणि मधोमध हातभर उंचीचा उभा कठडा. भोपळे पुढे अशासाठी, की गाडीच्या मधल्या भागात दचके कमी बसतात, मागच्या चाकांवर जास्त. प्रवासापूर्वी तारा ताई स्वतः सैल करते, ते काम दुसऱ्या कोणाला देत नाही. आता त्या मंचावर मांजरसुद्धा नीट बसू शकत नाही. कुशनवाला शिलाईचे पैसे घेताना पुटपुटला, ‘‘आयुष्यात पहिल्यांदा गैरसोयीची गादी शिवली.’’

सांगलीच्या कार्यक्रमाला गाडीत आम्ही दोघं आणि दोन तंबोरे. मुलं त्यांच्या आयांबरोबर स्वारगेटहून एसटीने आली आणि आमच्या आधी पोचली. काढलेली सीट जुन्या चादरीत गुंडाळून गॅलरीत ठेवली होती. परत आलो तेव्हा वडील तिच्यावर पेपर वाचत बसले होते. सीट पुन्हा गाडीत बसवायची म्हणून त्यांना उठवलं, तर म्हणाले, ‘‘रविवार संपू दे.’’